पांझरेकाठची प्रत्यक्ष पाहणी

"धुळे शहर व लगतचा परिसर. ऐतिहासिक व प्रेक्षणीय स्थळे : निरंक. पाहणीचा प्रकार : प्रत्यक्ष." प्रादेशिक वारसा सर्वेक्षणाच्या अहवालात, परिशिष्ट चार, पान एकसष्ट, येथे हे विधान छापलेले आहे. खाली सही, तारीख आणि गोल शिक्का. चार वर्षे ते शासकीय सत्य म्हणून सुखाने नांदले.

विधान लहान आहे म्हणून त्याला सोडून देण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांनी 'नाही' या गोष्टीचा कीस काढण्यात शतके घालवली. जमिनीवर घडा नाही, एवढे म्हणायला काय लागते, यावर त्यांनी ग्रंथांच्या राशी रचल्या. आणि हजार मतभेदांतून एका अटीवर सगळे एकत्र आले, की 'नाही' म्हणणाऱ्याने निदान ती जमीन पाहिलेली असावी. अहवालाने ही अट शिथिल केली. 'प्रत्यक्ष' म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांची गाठ पडणे. इथे वस्तू धुळ्यात होती आणि इंद्रिये जळगावात, पंख्याखाली. राहिला 'निरंक'. शून्य लिहायला आधी कोणीतरी मोजावे लागते, निरंक लिहायला तेही लागत नाही. म्हणून कचेऱ्यांना तो शब्द इतका प्रिय. त्या एका शब्दाखाली दोरी लावून आखलेल्या गल्ल्या गेल्या, नदीकाठची देवी गेली, जुन्या पोथ्या आणि दप्तरे जिवापाड जपणारी दालने गेली. ज्या गावाने उभ्या मुलखाच्या इतिहासाची साधने सांभाळली, त्या गावाचा स्वतःचा इतिहास निरंक!

सही प्रा. तरुण कांतीलाल बरडिया यांची होती. जळगावच्या एका महाविद्यालयात ते इतिहास विभागाचे प्रमुख. वय अठ्ठेचाळीस. घराणे मूळचे मारवाडचे, जैन, तीन पिढ्या जळगावात कापडाचे दुकान, आणि त्या घरात पुस्तकांकडे वळलेला हा पहिलाच पुरुष. त्यांना खोटारडा म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. जळगाव तालुक्यावर त्यांनी चाळीस पाने लिहिली होती. मार्च महिन्याची एकतीस तारीख होती, धुळ्याचा रकाना तेवढा कोरा होता, आणि धुळे तर त्यांना ठाऊकच होते! सुरतेचे लग्न असो, नाशिकचे चर्चासत्र असो, गाडी धुळ्याला पंधरा मिनिटे थांबे. चहा होई, कंडक्टर दार बडवी. जळगावकराची ही खास चूक. ज्या गावात गाडी बदलली ते गाव आपण पाहिले, असे तो धरून चालतो. "धुळ्यात काय आहे?" असे विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "बसस्टँड."

निरंकाला यथाकाल फळ आले. धुळ्याच्या पश्चिम अंगाला पांझरेवर एक जुना बंधारा आहे. त्यातून निघालेला पाट शहराची कड घासत शेतांकडे जातो. त्या पाटाचा चारशे मीटरचा तुकडा बुजवून त्यावर 'पर्यटक वाहनतळ' बांधण्याची योजना मंजूर झाली. मंजुरीच्या टिपणात कारण नोंदवले होते : सर्वेक्षणानुसार सदर जागी जतन करण्याजोगे काही नाही. ज्या शहरात पाहण्यासारखे काहीच नाही, ते पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करण्यासाठी, पाहण्यासारखे जे होते ते बुजवायचे. यातला तर्क फार नाजूक असल्यामुळे कोणत्याही बैठकीत त्याला हात लावण्याचे धाडस झाले नाही. पाट बुजला की खालच्या साऱ्या शेतांचे पाणी तुटणार होते.

मग प्राध्यापकांना पत्र आले. वहीच्या कागदावर, गोल अक्षरात.

"बरडिया भाऊंना नमस्कार. तुमच्या पुस्तकात आमचा बंधारा नाही. तुम्ही पाहून लिहिले असेल तर काय पाहिले ते सांगावे. पाहिला नसेल तर येऊन पाहावा. मंगळवारी दुपारी चार वाजता वाहनतळाची सुनावणी आहे. सकाळी आलात तर भाकर इथेच खा. कुंदाबाई, बंधाऱ्याची पंच."

पत्र त्यांनी चार दिवस खिशात वागवले. मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता ते धुळ्याच्या स्थानकावर उतरले आणि सवयीने चहाच्या टपरीकडे वळले.

"तिकडे नको, भाऊ. इकडे." डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला एक उंच म्हातारा समोर उभा होता. पायात जाड चपला, खांद्यावर फावडे. "मी झुलाल. पाटकरी. पाटनं पानी वाटस मी. कुंदाअक्कानी धाडं माले."

"तुम्ही मला ओळखलंत कसं?"

"उतरना तो बठ्ठा गाव दखस. तुम्ही घड्याळ दखी ऱ्हायनात." म्हातारा हसला. "पह्यली खेप का?"

"नाही, नाही. तीसेक वेळा तरी आलोय."

"अन् भायेर कितला खेपा पडनात?"

प्राध्यापकांनी घड्याळावर बाही ओढली. झुलाल आबांनी फावडे दुसऱ्या खांद्यावर घेतले. "आम्हनी म्हैस बी दार उघडं दिसनं तं भायेर डोकाई लेस, भाऊ. चला."

गल्ल्यांतून जाताना प्राध्यापक बोलण्याच्या तयारीत होते. विद्वान माणसाला अपरिचित जागेत शिरताना आधी बोलायचे असते. पण पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी ते बोलायचे विसरले आणि पावले मोजू लागले. जळगावातले त्यांचे दुकान जुन्या पेठेत होते. तिथे रस्ता दहा पावलांवर वळे, कुणाच्या तरी ओट्याला अडखळे, आणि पुढे काय आहे ते पुढे गेल्यावरच कळे. इथे रस्ता सरळ होता. इतका सरळ, की हिवाळ्यातले कोवळे ऊन एका टोकाने शिरून कुठेही न अडता पार दुसऱ्या टोकाला पोचले होते. त्या उजेडाच्या पट्ट्यात शटर वर जात होती, तांब्याच्या हंड्यावर कुणी हातोडी चालवत होते, एक बाई उंबऱ्यावर रांगोळीचे ठिपके टाकत होती. बाजूच्या गल्लीत डोकावले, तीही तशीच. त्यापुढचीही तशीच. गल्ल्यांना नावे नव्हती, आकडे होते. कुणीतरी मोकळ्या माळावर उभे राहून, अजून जन्मायच्या होत्या त्या माणसांची दारे समोरासमोर कशी येतील याचा विचार केला होता.

"चारशे पावलं झाली," प्राध्यापक म्हणाले. "एकही वळण नाही."

"मोजी ऱ्हायनात का?"

"हो."

"चांगलं शे. मोजा." त्या बोलण्यात आबांचा टोमणा नव्हता. तरी तो लागला.

नदीकाठी देवीच्या पायऱ्यांवर नवस फेडायला आलेल्या बायांची गर्दी होती. त्या बहुधा पलीकडच्या गुजरातेतून, मध्य प्रदेशातून आल्या असाव्यात. तिन्ही भाषा एकाच घंटेखाली कालवल्या जात होत्या. एक म्हातारी प्राध्यापकांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून न बोलता पुढे गेली. खोबरे हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. धुळ्यात आजवर त्यांना कुणी काही दिले नव्हते, फक्त सुट्टे मागितले होते.

तिथून नदीच्या काठाने वर पाऊण तास चालून ते बंधाऱ्याशी आले.

आधी आवाज आला. मग दगड दिसले. पात्राच्या तळाच्या काळ्या खडकावरच तो बंधारा उगवल्यासारखा उभा होता. खडक जिकडे वळे तिकडे तो वळलेला. जिथे खडक खाली बसे तिथे तो जाड झालेला. नदीला तो आडवा नव्हता, तिरपा होता. पाण्याची जाड काचेसारखी चादर त्याच्या पाठीवरून घसरत होती, आणि एका टोकाला दगडी तोंडातून त्यातला नेमका एक हिस्सा मुकाट्याने वेगळा होऊन पाटात शिरत होता. त्यावर ना यंत्र होते ना चाक, शिलालेखही नव्हता. कर्त्याचे नाव नाही म्हणून प्राध्यापकांची नजर सवयीने ते शोधू लागली आणि रिकामी परत आली.

"तिरपा का बांधला असेल?" त्यांनी विचारले. आवाज हळू झाला होता, देवळात होतो तसा.

"धावता बैलले समोरथून थोपाडशात तं तो तुम्हले तुडी टाकी. बाजूथून हात लावा, आपेआप वळस."

"किती जुना आहे?"

"मन्हा आजाले मी इचारं. तो म्हने, मन्हा आजाले मी इचारं व्हतं." आबांनी पाण्यात हात घालून तोंडावर मारला. "तुम्ही शिकेल माणूस. तुम्ही सांगा."

शिकलेल्या माणसाला सांगता येईना. सुलतानांच्या काळाचा म्हणावे तर घडणीत तसे काही नव्हते. त्याआधीचा म्हणावे तर पुरावा नव्हता. चाळीस पाने लिहिताना हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता, कारण तिथे प्रत्येक दगडाविषयी कुणीतरी आधी लिहिलेले होते. आज प्रथमच त्यांच्यासमोर अशी वस्तू होती जिच्याविषयी उतरवून घ्यायला काही नव्हते. फक्त पाहायचे होते. ते बंधाऱ्याच्या कडेला बसले. दगडाचा गारवा पॅन्टमधून वर आला, तरी ते हलले नाहीत.

पाटाच्या काठाने चालताना त्यांनी कडूनिंबाचे एक पान पाण्यावर टाकले. पाटाला उतार असा डोळ्यांना दिसतच नव्हता. दोन्ही टोके सारख्याच पातळीवर वाटत. पण पान निघाले. ना रेंगाळले ना धावले. म्हाताऱ्याच्या चालीने त्यांच्या बरोबर चालत राहिले. एका ओढ्यापाशी पाट दगडी कमानींच्या खांद्यावर चढला, ओढा खालून गेला, आणि पान वरून, अंग न ओले करता ओढा ओलांडणाऱ्या माणसाच्या ऐटीत, पलीकडे उतरले. कोसभर लांबीत हा उतार साधणाऱ्यापाशी मोजायला काय होते? पाणी. पाण्याने पाणी मोजले होते. प्राध्यापकांनी वाकून आणखी एक पान पाण्यावर सोडले आणि त्याचा त्यांना रागही आला, कारण ते भावनाप्रधान गृहस्थ नव्हते.

पुढे जाऊन आबा थांबले. काठावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, वाहनतळाच्या. "अठेपावत बुजाडतीन," ते म्हणाले, आणि रेघ ओलांडून पुढे गेले.

रेघांपलीकडे गव्हाचा एकच एक हिरवा पट्टा होता, नजर पोचेपर्यंत. कुठे कुंपण नाही, मधे दुसरे पीक नाही. असे चार पट्टे. त्यांना इथे फड म्हणत. बांधावर साठीची एक बाई पदर खोचून उभी होती. सावळी, ठेंगणी, आवाज मात्र लांब पोचणारा.

"उनात का, प्रोफेसर भाऊ? या. मी कुंदाबाई. पत्र मीच लिहिलं होतं." पाहुण्याशी ती शाळेतली मराठी बोलत होती, मधेच घरची बोली डोके वर काढी. "आबांनी लई चालवलं असेल. बसा."

"यातलं तुमचं शेत कोणतं?" प्राध्यापकांनी विचारले.

"ते. ते. अन् ते, अन् पल्याडच्या फडात एक पट्टी." तिने चार दिशांना बोट केले. "प्रत्येकाचं प्रत्येक फडात. कमी पाण्याच्या वर्षी पंच ठरवतात, दोन फड भिजवायचे, दोन कोरडे. कोरडे तर सगळ्यांचेच कोरडे. मग भांडणार कुणाशी?"

"आणि आपल्या वाट्याचं पाणी कमी पडलं तर? माणूस रात्री उठून दार उघडणार नाही का?"

आबा फावड्याने पाटाच्या कडेचा चिखल ओढत होते. ते मान न वळवता म्हणाले, "सोताना वावरनं दार सोता उघाडानं नही. पाटकरी उघाडी. पाटकरीनं सोतानं वावर नही, म्हनीसन तो पाटकरी."

त्यांनी चिखलाचा बांध दोन फटक्यांत कापला. पाणी क्षणभर थबकले, जणू विचारात पडले, आणि मग गव्हात शिरले. प्राध्यापक पाहत राहिले. सारा पट्टा एकदम भिजत नव्हता. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, कडेकडेने, कुणालाही न विसरता जात होते, आणि त्याच्यामागे जमिनीचा रंग बदलत होता. बगळे त्याच्यापुढे एकेक पाऊल सरकत होते. हे राज्ये बुडताना चालू होते, दुष्काळात चालू होते, गाडी पंधरा मिनिटे थांबे तेव्हाही इथून अर्ध्या कोसावर चालू होते. आणि त्यांनी तीस वेळा चहा घेतला होता.

कुंदाबाईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. "डाळीत लसूण नाही हां, भाऊ. तुमच्या लोकांत चालत नाही, ठाऊक आहे. गावात आमचे दुकानदार तुमच्यातलेच."

प्राध्यापकांनी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला. मग त्यांनी विचारले, "कुणी उघडलंच दार, तर?"

"मी उघडलं होतं," ती म्हणाली. "लग्नाला दोन वर्षं झाली होती. मिरचीची रोपं माना टाकून पडलेली. भर दुपारी गेले अन् दोन हातांनी चिखल काढला. कुणी पाहिलं नाही."

"मग कळलं कसं?"

"आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आधी बंधाऱ्यावर बठ्ठा लोक जमतात. पंच कुणाला विचारत नाहीत. साक्ष नाही, पुरावा नाही, दंड नाही. ज्यानं केलं त्यानं पाण्याकडे तोंड करून सांगायचं, अन् तो जे बोलेल ते तस्संच लिहून घ्यायचं. एक शब्द इकडं तिकडं नाही. सासरे पंच होते, त्यांनीच लिहिलं. 'मी दार उघाडं. मन्ही मिरची मरी ऱ्हायंती. बाकीसनी बी मरी ऱ्हायंती, ते माले दिसी ऱ्हायंतं.'"

"आणि पुढे?"

"पुढे काय? लिहिलं. अन् पाळी आली तसं आमच्या वावरात पाणी आलं." तिने भाकरीचा पापुद्रा त्यांच्या ताटात टाकला. "न सांगितलं असतं तरी पाळीनं पाणी आलंच असतं. पण मग ते घेताना मला आबांच्या तोंडाकडे पाहता आलं नसतं."

त्यांनी अपेक्षेने वर पाहिले. ती पुढे म्हणेल, तुम्हीही असेच करा. ती म्हणाली, "डाळ घ्या."

तीन वाजून गेल्यावर फोन वाजला. सुनावणीच्या कचेरीतले एक अधिकारी, गोड आवाजाचे.

"सर, आलात ना धुळ्याला? बरं झालं. एक पूरक टिपण द्या. 'सदर बंधारा नंतरच्या संशोधनात आढळून आला.' तुमच्या नावावर शोध लागेल, सर. विभागीय समितीचं अध्यक्षपद पुढच्या महिन्यात भरायचं आहे, तिथंही शोभेल."

"आणि पाट?"

"पाटाचं काय, मंजुरीच्या दिवशी सर्वेक्षण वैध होतं ना? मंजुरी तशीच राहील. आम्ही तिथं फलक लावू, संगमरवरी. 'येथे प्राचीन पाट होता.' संशोधक म्हणून तुमचं नाव."

"आणि सर्वेक्षणच वैध नव्हतं असं निघालं तर?"

पलीकडचा आवाज आणखी गोड झाला. "तर मंजुरी पडेल. पण ते कोण सांगणार, सर? प्रत्यक्ष पाहणी तुमची. सही तुमची."

प्राध्यापकांनी फोन खिशात ठेवला. पर्याय दोनच होते आणि दोन्ही त्यांना एखाद्या संहितेच्या दोन पाठांसारखे स्पष्ट वाचता येत होते. एकात त्यांचे नाव संगमरवरावर होते आणि पाणी नव्हते. दुसऱ्यात पाणी होते, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत कमावलेले नाव पान एकसष्टवर उघडे पडणार होते. त्यामागोमाग, न्यायाने, उरलेल्या चाळीस पानांवरही कुणी बोट ठेवणार होते.

"चला, सव्वातीन वाजनात," आबा म्हणाले. "मी बी येस. माले तठे कोनी काही इचारनार नही, पन येस."

सुनावणीचे दालन दुसऱ्या मजल्यावर होते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मंजूर वाहनतळाचे रंगीत चित्र. चित्रात गाड्या होत्या, झाडे होती, टोप्या घातलेले पर्यटक होते, आणि ते पर्यटक कौतुकाने काहीतरी पाहत होते. काय पाहत होते ते चित्रकाराने दाखवले नव्हते. गोड आवाजाचे अधिकारी खुर्चीत होते. मागच्या बाकावर कुंदाबाई आणि झुलाल आबा बसले; आबांचे फावडे शिपायाने दाराबाहेर ठेवून घेतले होते.

"तज्ज्ञ म्हणून प्रा. बरडिया यांचं म्हणणं," अधिकारी म्हणाले. "टिपण आणलंय ना, सर? वाचलं नाही तरी चालेल, जोडून घेऊ."

"टिपण नाही," प्राध्यापक म्हणाले. "तोंडी सांगतो. एकच विनंती आहे. लिपिकांनी मी बोलतो ते तसंच उतरवावं. सुधारू नये."

"सर, भाषा थोडी कार्यालयीन करावी लागते..."

"सुधारू नये."

मागे वळून पाहण्याचा मोह त्यांनी आवरला. ते उभे राहिले. आवाज वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. लिपिकाने लेखणी उचलली. त्याने जे उतरवले, आणि जे आज त्या प्रकरणाच्या कागदांत आहे, ते असे :

"मी तरुण कांतीलाल बरडिया. परिशिष्ट चारमधले निरंक मी लिहिले. प्रत्यक्ष हा शब्दही मीच लिहिला. मी धुळे पाहिले नव्हते. तीस वेळा बसस्थानकावर उतरलो, चहा घेतला आणि पुन्हा गाडीत बसलो. बंधारा तेव्हाही तिथेच होता. मला कुणी फसवले नाही, कुणी घाई केली नाही, मुदतवाढ मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही, कारण इथे काही नसणार असे मला वाटत होते आणि ते बघायला यायचा मला कंटाळा होता. आज सकाळी साडेआठपासून मी हे गाव पाहतो आहे. अजून पाहून झालेले नाही. माझे सर्वेक्षण खोटे आहे. बंधारा मी शोधलेला नाही. तो मला झुलाल आबांनी दाखवला. एवढेच. आता वाचून दाखवा, एखादा शब्द गळला असेल तर घालायचा आहे."